स्वतःची मोटार आणि शर्यतीचा मार्ग

इ. स. १९०३ च्या मे महिन्याची २४ वी तारीख. त्या दिवशीं उजाडण्यापूर्वींच पॅरिसजवळच्या व्हर्साय गांवाहून मोटारींची एक मोठी शर्यत निघाली. फ्रान्स ओलांडून थेट स्पेनच्या राजधानीपर्यंत, म्हणजे माद्रिदपर्यंत, जावयाचें होतें. दोनशेंहून अधिक वाहनें, त्यांपैकीं कित्येक ताशीं ऐंशी मैलांच्या पलीकडे धांवणारीं. आणि मार्ग कोणता, तर ज्यावरून शेतकऱ्यांच्या गाड्या बाजारास जात व मुलें शाळेस जात तोच कच्चा सरकारी रस्ता. दोन्ही बाजूंस बघ्यांची अलोट गर्दी उसळली होती. गाडी समोर आली म्हणजे लोक बाजूस सरत व ती जातांच पुनः रस्त्यावर येत. धुळीमुळें मागून येणाऱ्यास पुढचें वळण दिसेना. झाडांचे शेंडे पाहून रस्त्याची दिशा ताडावी लागे.

संध्याकाळ होण्याच्या आंत या शर्यतीनें अनेक बळी घेतले. त्यांत गाड्या हांकणारे होते, त्यांचे सहायक होते, आणि ज्यांचा या हौसेशीं कांहीं एक संबंध नव्हता असे बघेही होते. रेनो मोटारींच्या कारखान्याच्या संस्थापक बंधूंपैकीं मार्सेल रेनो यास त्याच दिवशीं प्राणांतिक दुखापत झाली. त्याचा भाऊ लुई हा त्याच शर्यतींत पुढें निघून गेला होता. त्याला ही वार्ता बोर्दो येथें कळली. फ्रेंच सरकारनें शर्यत बोर्दो येथेंच थांबविली. गाड्या स्वतःच्या शक्तीनें परत नेण्याचीही मनाई झाली. त्या घोडीं जुंपून स्टेशनवर ओढून नेल्या व आगगाडीनें पॅरिसला धाडल्या.

या घटनेनंतर यूरोपांत जो प्रश्न उभा राहिला तो शर्यतीच्या शौकिनांपुरताच नव्हता. ज्यानें आपल्या पैशानें मोटार विकत घेतली त्यानें तिच्या अंगीं असलेली पुरी गति एकदां तरी कोठें अनुभवावी, आणि तसें करतांना वाटेनें जाणाऱ्या दुसऱ्याच्या जिवास अपाय होऊं नये, हें कसें साधावें? आज ज्यास 'ट्रॅक डे' म्हणतात, म्हणजे सामान्य मालकानें आपली नेहमींची गाडी घेऊन शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर एक दिवस घालवावयाचा, त्या प्रघाताचें मूळ या प्रश्नांत आहे. त्याचें उत्तर मात्र कोणीं एकानें बसून, विचार करून दिलेलें नाहीं. एका जमीनदाराचा देशाभिमान, एका दरिद्री जिल्ह्यांतील बेकारी आणि महायुद्धानंतर ओस पडलेलीं विमानांचीं मैदानें, अशा तीन भलत्याच कारणांतून तें निघालें.

जमीनदाराची हकीकत प्रथम पाहूं. इंग्लंडांत १९०३ च्याच मोटार कायद्यानें ताशीं २० मैलांची मर्यादा घालून दिली होती. गाडी हांकण्याचा परवाना पांच शिलिंग भरले कीं मिळे. त्यासाठीं परीक्षा नव्हती. ती १९३५ सालीं आली. म्हणजे येतें कीं नाहीं हें कोणीं पाहावयाचें नाहीं, पण वीस मैलांच्या वर गेलास तर शिक्षा, असा तो न्याय होता. अशा स्थितींत इंग्रज कारखानदारांना आपल्या गाड्या वेगानें चालवून पाहण्यास जागाच नव्हती. सरे परगण्यांतील वेब्रिज गांवाजवळचा एक श्रीमान् जमीनदार, ह्यू लॉक किंग, १९०५ सालीं इटलींत मोटारींची शर्यत पाहावयास गेला, तेव्हां तेथें आपल्या देशाची एकही गाडी नाहीं हें पाहून त्याच्या मनास फार लागलें. परत आल्यावर त्यानें आपल्या ब्रुकलंड्स येथील जमिनींत स्वखर्चानें मोटारींचा मार्ग बांधण्याचें ठरविलें.

आरंभींची कल्पना साध्या सपाट रस्त्याची होती. परंतु तोफखान्यांतील कर्नल होल्डन या स्थापत्यज्ञानें त्यास सांगितलें कीं, गाड्यांना वेग कमी न करतां वळतां यावें असें वाटत असेल, तर वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच उचलली पाहिजे. पाण्यानें भरलेला तांब्या दोरीस बांधून गरगर फिरविला तर पाणी सांडत नाहीं, हा खेळ प्रत्येक मुलानें केलेला असतो. तेंच येथें. गाडीला बाहेर फेंकणारी ओढ जितकी अधिक, तितका रस्ता तिच्या पोटाखालीं उभा केला म्हणजे ती घसरत नाहीं. हें पुस्तकांत दोन ओळींत मावतें. जमिनीवर उतरवितांना त्याच्या जवळजवळ तीस फूट उंचीच्या व शंभर फूट रुंदीच्या काँक्रीटच्या भिंती झाल्या. वे नदीवर पूल टाकावा लागला, झाडें तोडावीं लागलीं, शेंकडों मजूर रात्रंदिवस खपले. सुमारें नऊ महिन्यांत पावणेतीन मैलांचा हा फेरा पुरा झाला, आणि खर्च दीड लक्ष पौंडांच्या घरांत गेला. लॉक किंगची प्रकृति या काळजीनें खालावली. त्याची पत्नी एथेल हिनें हिशेब हातांत घेतला, माहेरच्या माणसांकडून साह्य मिळविलें आणि काम तडीस नेलें. १७ जून १९०७ रोजीं मार्ग खुला झाला त्या वेळीं मोटारींच्या मिरवणुकीच्या अग्रभागीं ती आपली गाडी स्वतः हांकीत होती. तीस फूट उंच काँक्रीटवर सर्वांच्या देखत प्रथम चढणारी ही बाई पुढें महायुद्धांतील शुश्रूषेच्या कार्याबद्दल सरकारी सन्मानास पात्र झाली. पण तिच्या धैर्याची खरी परीक्षा त्या नऊ महिन्यांत झाली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

लगेच त्याच महिन्यांत एस. एफ. एज यानें नेपियर गाडी घेऊन चोवीस तासांत १,५८१ मैल काटले. रस्त्यावर ताशीं वीस मैलांची मर्यादा असतांना एका माणसानें ताशीं सरासरी पासष्ट मैलांहून अधिक वेगानें अहोरात्र गाडी हांकावी आणि कायद्याचा एकही शब्द मोडूं नये, हा चमत्कार ब्रुकलंड्सनें घडविला.

६ जुलैस पहिल्या शर्यती झाल्या तेव्हां एक गंमतीची अडचण उभी राहिली. मोटारींची शर्यत बंदिस्त मार्गावर कशी चालवावी हें कोणासच ठाऊक नव्हतें. तेव्हां नियम घेतले ते घोड्यांच्या शर्यतींचे. मुंबईस महालक्ष्मीला किंवा पुण्यास ज्यांनीं घोडे धांवतांना पाहिले असतील त्यांना तेथील सर्व प्रकार ओळखीचा वाटला असता. गाड्या उभ्या करण्याच्या जागेस 'पॅडॉक' हेंच नांव, गाडी हांकणाऱ्यांच्या अंगांत जॉकीप्रमाणें निरनिराळ्या रंगांचे सदरे, पैजा घेणारे बुकी, आणि बलवान् घोड्यावर जसें अधिक वजन लादावें तसें जलद गाडीला मागाहून सोडण्याची 'हँडिकॅप'ची रीति. सदऱ्यांचा प्रकार लौकरच मागें पडला. हँडिकॅप मात्र टिकला, आणि त्यानेंच सामान्य मालकास या मैदानांत आणलें. कारण राक्षसी यंत्राच्या गाडीशीं लहान गाडी बरोबरीनें सुटली तर तिची काय पाड? पण ती आधीं सुटली व मोठी मागाहून, तर शेवटच्या फेरींत दोघी खांद्यास खांदा लावून येतात. एबलव्हाइट नांवाचा वाद्यांचा एक व्यापारी वर्षानुवर्षें हें गणित मांडीत असे. त्याच्या आंकडेमोडीच्या जोरावर तिसऱ्या दशकांत ऑस्टिन सेव्हनसारख्या चिमुकल्या गाड्याही तेथें धांवल्या. शर्यत नसेल त्या दिवशीं ठराविक शुल्क भरून कोणाही मालकास आपली गाडी त्या काँक्रीटवर नेतां येई. गाडी खरोखर किती पळते हें पाहण्याची हौस असलेले डॉक्टर, वकील, दुकानदार येत, दोन फेऱ्या मारीत आणि बहुधा थोडे निराश होऊन घरीं परतत. कारण विक्रेत्यानें सांगितलेला वेग आणि घड्याळानें दाखविलेला वेग यांचा मेळ क्वचितच बसे.

तरीपण हें मैदान सर्वांचें होतें असें मुळींच नाहीं. क्लबाचा रोख बड्या लोकांकडे होता. गर्दी नको, पण योग्य मंडळींची गर्दी हवी, असेंच त्याच्या जाहिरातींचें धोरण असे. स्त्रियांची गोष्ट तर विशेष बोधक आहे. १९०८ च्या जुलैंत स्त्रियांसाठीं एक शर्यत झाली. म्युरिएल टॉम्सन हिनें ती जिंकली व एथेल लॉक किंग दुसरी आली. त्यानंतर पुष्कळ वर्षें स्त्रियांना शर्यतींत येण्यास बंदी होती. ज्या मार्गाचे पैसे उभे करण्यासाठीं एक स्त्री झिजली, त्याच मार्गावरील शर्यतींत स्त्रियांना मज्जाव! या विसंगतीची जाणीव त्या काळच्या कारभाऱ्यांना झाल्याचें दिसत नाहीं.

गति बंदिस्त झाली म्हणून मृत्यु बाहेर राहिला नाहीं. पर्सी लँबर्ट या तरुणानें १५ फेब्रुवारी १९१३ रोजीं टॅल्बट गाडींतून एका तासांत १०३ मैलांहून अधिक अंतर काटलें. एका तासांत शंभर मैल हा पराक्रम तोंवर जगांत कोणींही केला नव्हता. हा विक्रम दुसऱ्यांनीं मोडला, आणि तो परत मिळविण्यासाठीं त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबरला लँबर्ट पुनः त्याच मार्गावर उतरला. मागचा टायर फुटला, गाडी उंच कडेवर उलटली आणि तो मरण पावला. टायर तापून फुटतात ही गोष्ट त्या काळीं सर्वांस माहीत होती. पण धांवण्यापूर्वीं टायर कोणीं तपासावे, किती वेळानें बदलावे, यासंबंधीं पक्का दंडक नव्हता. आजच्या कोणत्याही ट्रॅकवर सकाळीं प्रवेशद्वारापाशींच प्रत्येक गाडीचे टायर हातानें दाबून, वाकून पाहिले जातात, तेव्हां पाहणाऱ्यास लँबर्टचें नांव ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण ही तपासणी अशाच मृत्यूंतून आली आहे.

शेजाऱ्यांचाही एक पक्ष होता. गाड्यांच्या कर्णकर्कश आवाजानें त्रस्त झालेले वेब्रिजचे रहिवासी कोर्टांत गेले. परिणामीं रात्रीं गाडी चालविणें बंद झालें आणि पुढें प्रत्येक गाडीस ठराविक मापाची आवाज दाबणारी नळी सक्तीची झाली. चोवीस तासांची शर्यत घ्यावयाची, पण रात्र वर्ज्य; यावर १९२९ सालीं असा तोडगा काढला कीं, दोन दिवस बारा बारा तास धांवावें आणि मधल्या रात्रीं गाड्या कुलपांत ठेवाव्या. तिला 'डबल ट्वेल्व्ह' असेंच नांव पडलें. आवाजाचा हा वाद आजही मिटलेला नाहीं; इंग्लंडांतील बहुतेक ट्रॅकांवर प्रथम आवाज मोजतात आणि मर्यादेबाहेरच्या गाडीस दारांतूनच परत लावतात.

१९३५ सालीं जॉन कॉब यानें नेपियर-रेल्टन गाडीनें ताशीं १४३ मैलांच्या वर एक फेरी काढली, तेव्हां तें जुनें काँक्रीट जागोजाग खचलें होतें आणि नदीवरच्या उंचवट्यापाशीं त्याची अवजड गाडी चारी चाकांनीं जमीन सोडून उडे. ऑगस्ट १९३९ मध्यें शेवटच्या शर्यती झाल्या. युद्धांत तेथें विमानें बांधलीं गेलीं, भिंती कांहीं ठिकाणीं फोडल्या गेल्या, आणि १९४६ सालीं ती जागा व्हिकर्स कंपनीकडे गेली. तुटक्या भिंतींचे भाग आज तेथील संग्रहालयाच्या आवारांत पाहावयास मिळतात.

आतां जर्मनीकडे वळूं. तेथील परिस्थिति अगदीं वेगळी. पहिल्या महायुद्धांत पराभूत झालेल्या त्या देशांत आयफेल नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. जमीन हलकी, हिंवाळा कडक आणि हातांना काम नाहीं. आडेनाऊ जिल्ह्याचे मुख्य अधिकारी डॉ. ओटो क्रॉइट्झ यांनीं असा विचार मांडला कीं, या डोंगरांत सरकारी खर्चानें मोटारींचा एक मार्ग बांधावा. बेकारांना मजुरी मिळेल, कारखान्यांना गाड्या कसोटीस लावण्याची सोय होईल आणि प्रवाशांमुळें गरीब खेड्यांना चार पैसे दिसतील. आपल्याकडे दुष्काळांत खडी फोडण्याचीं कामें निघतात, त्याच जातीचें हें काम. फरक एवढाच कीं, त्यांतून तयार झाला तो जगांतील सर्वांत अवघड शर्यतीचा रस्ता. १९२५ सालीं काम सुरू झालें. दोन हजारांहून अधिक माणसें त्यावर राबलीं. १८ जून १९२७ रोजीं न्युर्बुर्गरिंगचें उद्घाटन झालें, आणि दुसऱ्या दिवशीं मोटारींच्या शर्यतींत मर्सिडीज-बेंझ गाडी घेऊन रुडोल्फ काराचिओला विजयी झाला.

ब्रुकलंड्स म्हणजे एक प्रचंड ताट होतें; न्युर्बुर्गरिंग म्हणजे खराखुरा घाट. एका जुन्या किल्ल्याच्या भोंवतीं, रानांतून, खेड्यांच्या कडेनें, सुमारें तीनशें मीटरांचा चढउतार करीत त्याचा उत्तरेकडील फेरा जवळजवळ तेवीस किलोमीटर लांब गेला होता. एका बाजूस ऊन तर दुसऱ्या बाजूस पाऊस, असें तेथें नित्य घडतें. एका ठिकाणीं पाणी वाहून जाण्यासाठीं वळणाच्या आंतल्या अंगास चर होता. काराचिओलानें त्या चरांत चाकें घालून वळण घेण्याची युक्ति काढली, आणि पुढें त्या चरास काँक्रीटचा तिरकस तळ घालण्यांत आला. तेंच आजचें सुप्रसिद्ध 'कारूसेल'.

पण या लेखाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट शर्यतींची नव्हे. लोकांच्या पैशानें बांधलेला हा मार्ग उद्घाटनाच्या वर्षापासूनच, शर्यत व कसोट्या नसतील त्या वेळीं, पथकर भरणाऱ्या कोणासही खुला ठेवला गेला. बर्लिनजवळ १९२१ सालीं खुल्या झालेल्या आव्हुस रस्त्यावरही पैसे देऊन गाडी नेतां येई. परंतु तो नुसता सरळ जाऊन परत येणारा रस्ता. येथें मात्र ज्या वळणांवर जगांतील नामांकित वीर झुंजले तींच वळणें रविवारीं एखादा सुतार आपल्या कुटुंबासह स्वतःच्या गाडींतून घेऊं लागला. क्लबाचें सभासदत्व नको, शिफारस नको, रंगीत सदरा नको. जमीनदारानें देशाच्या अभिमानानें जें बांधलें तें मंडळींचें झालें, आणि मजुरांच्या पोटासाठीं जें बांधलें तें सर्वांचें झालें.

या औदार्याची दुसरी बाजू फार कठोर आहे. एवढ्या लांब मार्गावर सर्वत्र माणसें नेमणें, जागोजाग रुग्णवाहिका ठेवणें शक्य नव्हतें. १९७० सालीं शर्यतीच्या चालकांनीं तेथें धांवण्यास नकार दिला, तेव्हां कांहीं झाडें तोडून कडेस लोखंडी कठडे बसविण्यांत आले. ऑस्ट्रियाच्या निकी लाउडानें १९७५ सालीं हा फेरा सात मिनिटांच्या आंत पुरा केला. तसें तोंवर दुसऱ्या कोणीं केलें नव्हतें. त्याच लाउडानें पुढच्या वर्षीं इतर चालकांस विनविलें कीं, येथें मदत वेळेवर पोंचत नाहीं, आपण ही शर्यत टाकूं या. बहुमत त्याच्या विरुद्ध गेलें. १ ऑगस्ट १९७६ रोजीं दुसऱ्याच फेरींत त्याची फेरारी कठड्यावर आदळून पेटली. त्याला ज्वाळांतून ओढून काढलें तें मागून आलेल्या मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चौघा प्रतिस्पर्ध्यांनीं, स्वतःच्या गाड्या थांबवून. ज्या उणीवेकडे त्यानें बोट दाखविलें होतें ती अशी त्याच्याच अंगावर आली. सहा आठवड्यांनीं, भाजलेल्या जखमा पुऱ्या भरल्या नसतांना, तो मोंझा येथें धांवला आणि चौथा आला. आयफेलच्या त्या जुन्या फेऱ्यावर फॉर्म्युला वनची शर्यत त्यानंतर कधींच झाली नाहीं. १९८४ सालीं शेजारीं नवा, आंखूड मार्ग तयार झाला.

नामांकित चालकांनीं जो मार्ग धोक्याचा म्हणून सोडला तो सामान्य मालकास मात्र खुलाच राहिला, ही गोष्ट ऐकणारास चमत्कारिक वाटेल. तिचें स्पष्टीकरण तेथील नियमांत आहे. पथकर भरून आंत जाणाऱ्यास तो मार्ग कायद्यानें एकेरी वाहतुकीचा रस्ताच असतो. शर्यत लावावयाची नाहीं, वेळ मोजावयाची नाहीं, ओलांडून जावयाचें तें केवळ डावीकडून, आणि मागून जलद गाडी आली तर उजवा दिवा दाखवून तिला वाट द्यावयाची. कठडा मोडला तर त्याची किंमत मोडणाऱ्यानें भरावयाची. नवख्यास सर्वांत महाग पडणारी गोष्ट बहुधा हीच ठरते, कारण विम्याचे करार अशा जागीं झालेलें नुकसान पुष्कळदां वगळतात, आणि तें बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें. एका आठवड्याच्या पगारांत येणारी हौस कठड्यास खेटली कीं वर्षाच्या पगारास भारी होते. २०१२ सालीं तेथील संस्था कर्जांत बुडाली व २०१४ सालीं मार्ग खाजगी मालकास विकला गेला, तेव्हां आयफेलमधील लोक खवळले. आमच्या आज्यांनीं हातानें फोडलेली ही खडी विकण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यांच्या रागाचा रोख होता, आणि तो अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. विक्रीनंतरही पथकर भरून फेरी मारण्याची रीति चालू राहिली.

तिसरें कारण दुसऱ्या महायुद्धानें दिलें. युद्ध संपलें तेव्हां इंग्लंडांत ब्रुकलंड्स गेलेलें होतें, पण लढाऊ विमानांसाठीं घाईनें बांधलेलीं शेंकडों मैदानें रिकामीं पडलीं होतीं. त्यांच्या धांवपट्ट्यांभोंवतीं फिरणारा डांबरी रस्ता हाच शर्यतीचा मार्ग झाला. १९४८ च्या सप्टेंबरांत गुडवुड आणि ऑक्टोबरांत सिल्व्हरस्टोन येथें शर्यती झाल्या. कठडे कसले, तर पेंढ्याचे भारे आणि तेलाचीं रिकामीं पिंपें. गुडवुड येथें नुकतींच एकोणीस वर्षें पुरी झालेला स्टर्लिंग मॉस विजयी झाला. १९६६ सालीं गुडवुडच्या शर्यती बंद पडल्या. पण मार्ग उखडला नाहीं. तेथें गाड्यांच्या कसोट्या होत राहिल्या आणि हौशी मालक दिवसाचें भाडें भरून येत राहिले. शर्यत वर्षांतून चार दिवस, देखभालीचा खर्च मात्र तीनशें पांसष्ट दिवस. या हिशेबांतून विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत ट्रॅक डेचा रीतसर व्यवसाय उभा राहिला.

हिंदुस्थानांतही वाट हीच. मद्रासजवळ शोलावरम येथें युद्धकाळांतील विमानपट्टी होती. १९५३ सालीं स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबानें तेथें अनेक वर्षें शर्यती भरविल्या. ज्या फियाट आणि हेराल्ड गाड्या एरवीं ऑफिसांत आणि बाजारांत दिसत त्याच थोडाफार फेरफार करून पट्टीवर उतरत. १९९० सालीं त्याच क्लबानें श्रीपेरुम्बुदुरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथें कायमचा मार्ग बांधला. पुढें कोइमतूरला करी मोटर स्पीडवे झाला, आणि २०११ सालीं दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें पांच किलोमीटरांहून लांब असा बुद्ध मार्ग तयार झाला. तेथें फॉर्म्युला वनच्या तीनच शर्यती झाल्या, २०११ ते २०१३ पर्यंत. करांचा तंटा आडवा आला आणि ती मोठी जत्रा उठली. त्यानंतर तेथेंही, गुडवुडप्रमाणेंच, आपापल्या गाड्या घेऊन येणाऱ्या मालकांचे दिवस भरूं लागले.

अशा दिवशीं प्रथम जाणारा मनुष्य बहुधा चुकीच्या तयारीनें जातो. तो यंत्राची शक्ति वाढविण्यास पैसे खर्चितो. अनुभवी माणूस ब्रेकचें तेल बदलतो. हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. सारखा जोरानें ब्रेक दाबला कीं तें तापून त्यांतील पाणी उकळूं लागतें, वाफेचे बुडबुडे होतात आणि नेमक्या वळणाच्या तोंडाशीं पाय खालपर्यंत जातो पण गाडी थांबत नाहीं. रस्त्यावर वर्षभर निर्दोष वाटणारी गाडी ट्रॅकवर पांचव्या फेरींत अशी दगा देते. म्हणून सकाळीं तपासनीस प्रथम ब्रेक व टायर पाहतो, मग बॅटरी घट्ट बसली आहे कीं नाहीं तें पाहतो, गाडीच्या पोटांतील पाण्याच्या बाटल्या, हत्यारें, मुलांचीं खेळणीं काढावयास लावतो. ओढून नेण्याचा हूक लावलेला असतो. डोक्यास शिरस्त्राण.

नंतर सर्वांस एकत्र बसवून निशाणें समजावून देतात. पिवळें म्हणजे पुढें संकट, ओलांडूं नका. निळें म्हणजे मागून जलद गाडी येत आहे. तांबडें म्हणजे धांवणें थांबलें, हळू परत या. नवख्यांचा गट वेगळा काढतात. पहिल्या फेऱ्यांत कोणींही कोणास ओलांडावयाचें नाहीं. पुढेंही ओलांडणें केवळ सरळ भागांत, आणि पुढच्यानें खूण करून वाट दिल्यावरच. शेजारीं शिक्षक बसलेला असतो, तो वेग वाढवा असें फारसें म्हणत नाहीं. दूर पाहा, असें म्हणतो. नवख्याची नजर गाडीच्या नाकासमोर दहा हातांवर खिळलेली असते. ती उचलून वळणाच्या पलीकडच्या टोकावर ठेवणें हें पहिल्या दिवसाचें सर्वांत कठीण काम. ब्रेक दाबावयाचा तो सरळ असतांना, मग गाडी वळवावयाची, बाहेरच्या कडेवरून आंतल्या टोकाशीं जाऊन पुनः बाहेर, आणि चाकें सरळ होऊं लागलीं म्हणजे हळूहळू गति द्यावयाची. एका वेळीं टायरला एकच काम सांगावें. दोन सांगितलीं तर तो दोन्ही सोडून देतो, ही समजूत बोलून पटत नाहीं. एकदां गाडी आडवी फिरली कीं पटते.

घड्याळ लावणें बहुतेक ठिकाणीं मना असतें. कित्येकांस तें अपमानास्पद वाटतें. परंतु घड्याळ आलें कीं ट्रॅक डेची शर्यत होते, आणि शर्यत झाली कीं तिचे कायदे, तिचा विमा आणि तिचीं माणसें वेगळीं लागतात.

वीस मिनिटांनीं शेवटचें चौकटीचें निशाण दिसतें. मग एक पुरी फेरी ब्रेकला शक्य तों पाय न लावतां, सावकाश, हवा खेळूं देत काढावयाची. आंत आल्यावर हातब्रेक ओढावयाचा नाहीं, कारण तापलेलें लोखंड एका जागीं आवळून धरलें तर तें बिघडतें. गाडी गिअरमध्यें ठेवून चाकाखालीं लांकडाचा ठोकळा सरकवावयाचा. टायरांतील हवा उष्णतेनें वाढलेली असते म्हणून दिवसभरांत थोडीथोडी काढून टाकलेली असते. ती संध्याकाळीं विसरून न जातां पुनः भरावयाची, चाकांचे नट पुनः आवळावयाचे, सकाळीं काढून ठेवलेल्या बाटल्या व खेळणीं परत आंत ठेवावयाचीं. कारण शर्यतीची गाडी ट्रकवर चढून घरीं जाते, आणि मालकाची गाडी त्याच टायरांवर, बाहेरच्या रस्त्यानें, बैलगाडीच्या व शाळेच्या मुलांच्या मागून, दिवा लावून जाते.